लाल खुणेचा भाव

छत्रपती संभाजीनगरच्या सातारा परिसरातल्या आमच्या कॉलनीत टँकर आला की बातम्याही येतात. पाईप टाकीत सोडायचा आणि कंपाउंडच्या भिंतीशी उभं राहायचं, हा इथला रिवाज. अलीकडे माई, पलीकडे वहिनी. माईंचे यजमान तलाठी म्हणून रिटायर झाले. पण सातबारा वाचावा तो माईंनीच, असं ते स्वतःच सांगतात.

"माई, ऐकलं का? कोपऱ्यावरचे जावईबापू घरं शोधू राहिले."

"का? सासुरवाडीत जागा पुरेना का?"

"राहायला नाही हो, धंद्याला. तेही महापालिकेची नोटीस आलेली, रस्तारुंदीच्या खुणा पडलेली घरं. भिंतीवर लाल खूण दिसली की गाडी स्टँडवर. मालकाचा चहा प्यायचा, 'तुमचं कसं होणार हो' म्हणून हळहळायचं आणि निघता निघता भाव विचारायचा. अडचणीतलं घर निम्म्यात मिळतं म्हणे. कागद सरळ करायचे अन् विकायचं. आमच्या ह्यांनाही म्हणाले, पाच लाख टाका, वर्षात दीडपट."

"हौ? मुकुंदवाडीला 2025 च्या जूनमध्ये जेसीबी लागले तेव्हा हा कुठे होता? मग पैठण रोड झाला, पडेगाव-मिटमिटा झालं. डोळ्यांदेखत दुकानं गेली लोकांची. तेव्हापासून टेप घेतलेला माणूस गल्लीत दिसला तरी पोटात गोळा येतो. घाबरलेला माणूस भाव करत नाही, हे ह्या पोराला बरोबर कळलंय."

"पण माई, आपली तरी घरं कुठं कायद्याची? ग्रामपंचायत होती तेव्हा आपणही बॉण्डवरच प्लॉट घेतले. आमची फाईल तर अजून हेच उद्या-उद्या करू राहिले."

"म्हणून तर सांगते. घराचे दोष दोन जातीचे. एक पैसे भरून निघतो. दुसरा कितीही भरा, निघत नाही. आपला पहिल्या जातीतला. शेताचे तुकडे पाडले, एनए नाही, ले-आऊट नाही, गुंठा-अर्धा गुंठा विकून मालक मोकळा. अशांसाठी 2001 मध्ये गुंठेवारीचा कायदा आला. 2021 मध्ये मुदत वाढवून 31 डिसेंबर 2020 पर्यंतची घरं त्यात घेतली. आर्किटेक्टकडून नकाशा काढायचा, फाईल टाकायची, फी भरायची, प्रमाणपत्र घ्यायचं."

"अन् दुसऱ्या जातीतलं?"

"रस्त्यातलं, सरकारी जागेतलं. विकास आराखड्यातला डीपी रोड घरातून गेला असेल तर गुंठेवारीची फाईल काय करणार? जावयाची नजर कोणत्या घरावर आहे?"

"तिसऱ्या गल्लीतलं, दुमजली. खाली दोन गाळे."

"अगंबाई! ते? पायरी रस्त्यात, सज्जा पायरीच्याही पुढे. पावसात त्याची पन्हळ समोरच्याच्या गेटवर पडते. खालचं बांधकाम जुनं, कबूल. वरचा मजला मात्र करोना संपल्यावर चढलाय. विटांना अजून प्लास्टर नाही, वरचं मीटर तर परवा-परवा बसलं. लाईटबिल काढलं की तारीख बोलते. म्हणजे खालचं कसंबसं बसेल कायद्यात, वरचं लटकणार. अन् लाल खूण कुठे आहे? गाळ्याच्या शटरच्या आत, हातभर."

"पण घरपट्टी भरतात की ते. पावती दाखवली ह्यांना."

"घरपट्टी महापालिका सगळ्यांकडून घेते गं, वर अनधिकृत असेल तर शास्तीसुद्धा लावते. पावतीनं बांधकाम अधिकृत होत नाही."

"निम्म्यात मिळत असेल तर पडेल ते पडू दे, उरलेलं तर राहील ना?"

"निम्म्यात का मिळतं ते बघ. अशा घरावर बँक कर्ज देत नाही. सुप्रीम कोर्टानं 17 डिसेंबर 2024 च्या निकालात बँकांना बजावलंय, पूर्णत्वाचा किंवा भोगवट्याचा दाखला बघूनच कर्ज द्या. बांधकाम जुनं झालं म्हणून बेकायदेशीराचं कायदेशीर होत नाही, हेही त्यातच आहे. म्हणजे रोख मोजणारं गिऱ्हाईक पाहिजे. आज जावयाला स्वस्त पडतं ते त्यामुळेच. अन् उद्या विकायला निघेल तेव्हा त्यालाही तसाच रोखीवाला शोधावा लागेल."

इतक्यात स्वारीच गल्लीत अवतरली. माईंनी गाडी थांबवलीच.

"या जावईबापू. तीनच गोष्टी विचारते. खरेदीखत रजिस्टर होणार की बॉण्डवर?"

"माई, आधी बॉण्ड, मुखत्यारपत्र. रजिस्ट्री मागाहून."

"मुखत्यारपत्रानं मालकी येत नाही, 2011 पासून कोर्ट सांगू राहिलंय. बरं, वरच्या मजल्याचा 31 डिसेंबर 2020 च्या आधीचा पुरावा?"

"तो... करता येईल."

"करता येईल! डोंबिवलीत असंच कुणीतरी परवानगीपत्र 'करून' दिलं होतं. खोट्या कागदांवर 65 इमारती उठल्या, रेरा नंबरसकट. लोकांनी आयुष्यभराची कमाई ओतली, अन् 2024 मध्ये हायकोर्टानं पाडायला सांगितल्या. कागद करणारे राहिले बाजूला, घरं टांगणीला लागली घेणाऱ्यांची. आता तिसरं. नगररचना विभागाकडून भाग नकाशा काढलात का? रस्ता किती मीटरचा?"

"माई, महापालिकेत आपली ओळख आहे."

"ओळखीचा दाखला कोणत्या खिडकीवर मिळतो, तेवढं सांगा. आम्हीही रांग लावतो."

वहिनींनी पदर तोंडाला लावला. जावईबापूंनी मात्र खिशातून डायरी काढली अन् तिन्ही मुद्दे टिपून घेतले.

"थँक्यू माई. हे ऐकवलं तर मालक अजून दोन लाख खाली येईल."

"भाव येईल हो खाली. रस्ता मागे सरकेल का?"

ह्यावर उत्तर न देता गाडी सुरू झाली. वहिनी घराकडे वळून ओरडल्या, "अहो, पाच लाख कुठे टाकायचेत ते ठरलं! आधी आपल्याच घराची फाईल टाका. आज आर्किटेक्टला फोन करता, की मी करू?"