सनावळीबहाद्दर

मनुष्यजातीत जे नानाविध ज्ञानी आढळतात त्यांपैकी वैद्याला लोक निदान आजारपणी शोधीत येतात, मुलीचे लग्न निघाले की ज्योतिष्याकडे निरोप जातो आणि बांधाचा तंटा उभा राहताच वकिलाच्या ओसरीवर जोड्यांची रास पडते. परंतु तैमूरलंग कोणत्या साली वारला आणि ईस्टर बेट कोणत्या वारी सापडले हे ज्याला मुखोद्गत आहे, त्याच्या दारी आपण होऊन कोणीही जात नाही, आणि त्यामुळे त्या बिचाऱ्यालाच आपले ज्ञान घेऊन लोकांच्या दारी जावे लागते. अशा गृहस्थांची एक स्वतंत्र जातच आहे. ती बहुधा पेन्शनीत निघाल्यावर प्रकट होते, वाचनालयाच्या ओट्यावर वाढीस लागते, आणि लग्नकार्य, सुतकाची भेट व आगगाडीचा डबा अशा ठिकाणी, म्हणजे जेथून ऐकणाऱ्याला सभ्यपणे उठून जाता येत नाही तेथे, तिला विशेष बहर येतो.

आमच्या गावात ह्या जातीचे अध्वर्यू म्हणजे नाना. मामलेदार कचेरीत उभी हयात घालवून ते अव्वल कारकुनाच्या जागेवरून निवृत्त झाले तेव्हा तालुक्याचे दफ्तर त्यांना नव्या माणसाच्या स्वाधीन करावे लागले. पण दफ्तराची सवय स्वाधीन करता येत नसल्यामुळे त्यांनी साऱ्या पृथ्वीचेच दफ्तर करावयास घेतले. लाल खारव्याच्या बांधणीची एक जाडजूड वही, तीत सन, मुलूख, मजकूर आणि शेरा असे चार रकाने, आणि वाचनालयातील वाळवीने निम्मे वाचून ठेवलेले इतिहासग्रंथ, एवढ्या सामग्रीवर हा उद्योग वर्षानुवर्षे अव्याहत चालला आहे. पहिले तीन रकाने ग्रंथांतून भरले जातात. चौथा मात्र नानांचा स्वतःचा, आणि चक्रवर्ती सम्राट असो की रोमचा पोप, त्या चौथ्या रकान्यात तो अर्ज घेऊन कचेरीच्या पायरीशी ताटकळणाऱ्या कुळाच्या योग्यतेचा होऊन बसतो. शतवार्षिक युद्ध १३३७ साली सुरू होऊन १४५३ साली संपले, तर शेरा असा, की बेरीज ११६ येते, सबब नाव दुरुस्त व्हावे. रशियातील ऑक्टोबर क्रांती ७ नोव्हेंबर १९१७ रोजी झाली, तर शेरा असा, की कॅलेंडर वेळीच बदलून न घेतल्याचा परिणाम. १४ जुलै १७८९ रोजी पॅरिसच्या जमावाने बास्तीयचा किल्ला फोडला तेव्हा आत अवघे सात कैदी निघाले, ह्यावर नानांनी लिहिले आहे, ‘खर्चाच्या मानाने वसूल अल्प.’

नवख्या मनुष्याला नाना एकदम मोठ्या मजकुरात ओढीत नाहीत. आरंभी ते गिझाचा थोरला पिरॅमिड पुढे करतात आणि क्लिओपात्रा राणी त्या पिरॅमिडाच्या बांधकामाला अधिक जवळची की आपल्याला, असा साळसूद प्रश्न टाकतात. समोरचा मनुष्य, दोन्ही गोष्टी मिसर देशातल्याच म्हणून, पिरॅमिडाचे नाव घेतो. मग नाना बोटांच्या पेरांवर हिशेब करून दाखवतात, की पिरॅमिड इसवी सनापूर्वी अडीच हजारांच्याही मागे, राणी वारली इसवी सनापूर्वी ३० साली, म्हणजे ती बाई आपल्याच बाजूची. ह्यात सुमारे पाच शतकांचे अंतर आपल्या पदरात पडले ह्याचा त्यांना एवढा आनंद होतो, की जणू तेवढी जमीन मोजणीत वाढून मिळाली!

लग्नमंडपात त्यांचे हत्यार निराळे असते. मुहूर्ताची घटका टळून गेली, नवरदेव अजून मारुतीच्या देवळातच आहे, वधूपित्याच्या कपाळावर घाम डवरला आहे, अशा वेळी नाना शांतपणे घड्याळ काढतात आणि शेजाऱ्याला सांगतात, की एवढ्या अवधीत एक युद्ध आटोपले होते. २७ ऑगस्ट १८९६. झांजिबारचा सुलतान वारला, त्याच्या आप्तांपैकी खालिदने इंग्रजांची मंजुरी न घेता गादी बळकावली, इंग्रजांनी सकाळी नऊची मुदत घातली, मुदत टळताच आरमाराच्या तोफा राजवाड्यावर सुरू झाल्या, आणि सुमारे ३८ मिनिटांत निशाण खाली येऊन खालिद जर्मन वकिलातीच्या आश्रयास गेला. “मुदत म्हणजे मुदत,” एवढे बोलून नाना घड्याळ पुन्हा खिशात ठेवतात. नवरदेव तरीही येत नाही तो नाहीच.

परंतु नानांचे खरे प्रेम १७३९ ह्या सालावर आहे. इतर लोकांना एखादा राग आवडावा, एखादे क्षेत्र आवडावे, तसे नानांना हे साल आवडते. आणि निष्पक्षपणे पाहता ते आहेच तसे. मार्च महिन्यात नादिरशहाने दिल्लीत कत्तल मांडली आणि परत जाताना मयूरासन उचलून नेले; मे महिन्यात चिमाजी आप्पांनी वसईचा किल्ला फिरंग्यांकडून घेतला; आणि ऑक्टोबरात इंग्लंडने स्पेनवर जे युद्ध पुकारले त्याला एका माणसाच्या कानाचे नाव पडले. मराठी वाचकाला पहिल्या दोन गोष्टी शाळेपासून ठाऊक असतात, म्हणून त्या नाना झटपट उरकतात आणि कानाशी येऊन बैठक मारतात. रॉबर्ट जेंकिन्स हा इंग्रज तांडेल. १७३१ साली वेस्ट इंडीजकडील समुद्रात स्पेनच्या पहाऱ्याच्या गलबताने त्याचे जहाज अडवून झडती घेतली आणि त्या गडबडीत त्याचा एक कान कापला गेला. पुढे १७३८ साली, म्हणजे सात वर्षांनी, पार्लमेंटने त्याला कैफियतीसाठी हजर राहण्यास फर्मावले, आणि लोकांत असे पसरले, की त्याने तो कान बरणीत घालून सभागृहापुढे ठेवला. इथे नानांचा आवाज चढतो. “ठेवला, तर पंच कोण? मुद्देमाल रुजू झाल्याची नोंद कुठे आहे? सात वर्षे तो कान कोणाच्या ताब्यात होता?” ह्या तिन्ही प्रश्नांना इंग्लंडच्या दफ्तरात पक्के उत्तर नाही, हे पाहून त्यांना होणारे समाधान अवर्णनीय असते. व्यापाराच्या चुरशीने दोन राज्ये आधीच एकमेकांवर दात खाऊन होती आणि कान हे केवळ निमित्त होते, असे कोणी सुचवले, तर नाना ते नाकारीत नाहीत. पण व्यापाराच्या चुरशीची बरणी भरता येत नाही, म्हणून ती वहीत येत नाही. शिवाय ते नाव युद्धाला लढणाऱ्यांनी दिलेलेच नव्हे. १८५८ साली कार्लाइल ह्या ग्रंथकाराने ते रूढ केले, ही माहिती ते नेहमी पानसुपारीच्या वेळेसाठी राखून ठेवतात.

प्रागच्या खिडकीवरही त्यांची अशीच निष्ठा आहे. २३ मे १६१८ रोजी बोहेमियातील चिडलेल्या प्रॉटेस्टंट सरदारांनी बादशहाचे दोन कारभारी आणि त्यांच्याबरोबरचा एक चिटणीस अशा तिघांना गढीच्या खिडकीतून खाली फेकले, सुमारे सत्तर फूट, आणि तिघेही वाचले. कॅथलिक म्हणाले, देवदूतांनी झेलले. प्रॉटेस्टंट म्हणाले, खाली उकिरडा होता. येथे पंचनामा न झाल्याची हळहळ नाना व्यक्त करतात खरी, परंतु त्यांचे अंतःकरण गुंतले आहे ते चिटणिसात. कारण पुढे बादशहाने त्या कारकुनाला सरदारकी दिली आणि ‘उंचावरून पडलेला’ अशा अर्थाचा किताब बहाल केला. आपल्या अख्ख्या नोकरीत वरिष्ठांनी अनेकदा खाली पाडूनही नानांना तसे काही मिळाले नव्हते. त्या खिडकीपासून जे युद्ध पेटले ते तीस वर्षे चालले आणि त्यात जर्मन मुलुखातील गावेच्या गावे ओस पडली. नाना मात्र अजून खिडकीपाशीच उभे आहेत.

मुंबईच्या प्रकरणात तर त्यांच्यातील महसुली रक्त उसळते. १६६१ सालच्या विवाहतहाने पोर्तुगालच्या राजकन्येबरोबर मुंबई इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सला आंदण मिळाली आणि १६६८ साली त्याने ती कंपनीला सालीना दहा पौंड खंडाने देऊन टाकली, हे कित्येकांना ठाऊक असते. नाना त्यातील मधली सात वर्षे सांगतात. बेटाचा ताबा घ्यावयास आलेल्या इंग्रजांना गोव्याच्या विसोरेईने ‘मुंबई’ म्हणजे नेमके किती, ह्या वादावर अडवून धरले. मग सर अब्राहम शिपमन आणि त्याची पलटण कारवारजवळच्या अंजदीव बेटावर वाट पाहत राहिली, आणि तेथील रोगराईत शिपमनसकट बहुतेक शिपाई मरून गेले. ताबा मिळाला तो १६६५ साली, उरलेल्या मूठभरांना. नानांचा शेरा, ‘हद्दीची मोजणी आंदण देण्यापूर्वी करून घ्यावयास हवी होती.’ शेरा बिनचूक आहे, ह्यात शंका नाही. अंजदीवच्या वाळूत पुरलेल्या शिपायांना मात्र तो दाखवण्याची सोय नाही.

बायकांना आणि मुलांना सांगण्यासाठी त्यांच्याजवळ १७५२ चा सप्टेंबर असतो. त्या महिन्यात इंग्लंडातील लोक बुधवारी २ तारखेला निजले आणि गुरुवारी १४ तारखेला उठले, कारण जुने कॅलेंडर टाकून नवे घेताना मधले अकरा दिवस गाळावे लागले. मुलांना वाटते, अकरा दिवस शाळा बुडाली असेल. नाना त्यांना खरी मेख सांगतात, ती अशी, की सरकारी हिशेबाचे वर्ष २५ मार्चला सुरू होई, त्यात अकरा दिवस कमी वसूल होऊ नये म्हणून सरकारने ते तेवढेच पुढे ढकलले, आणि त्यामुळे आजतागायत विलायतेचे करवर्ष एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात भलत्याच तारखेला उजाडते. “राज्ये जातात, कॅलेंडरे बदलतात, वसुली बदलत नाही.” ह्या वाक्यावर ते थोडे थांबतात, आणि मुले तेवढ्यात पळ काढतात.

अशा ह्या निष्कंटक राज्याला धक्का लागला तो घेंटच्या तहाने. २४ डिसेंबर १८१४ रोजी इंग्रज आणि अमेरिकन वकिलांनी युरोपात घेंट शहरी तहावर सह्या केल्या. ती वार्ता जहाजातून येईपर्यंत ८ जानेवारी १८१५ रोजी न्यू ऑर्लिन्सपाशी घनघोर लढाई झाली, इंग्रजांचा सेनापती पाकेनहॅम पडला, दोन हजारांवर इंग्रज कामास आले, जखमी झाले वा पकडले गेले. एका संध्याकाळी ओट्यावर हा मजकूर सांगून नानांनी शेरा वाचला, ‘टपालातील दिरंगाई.’ दुर्दैवाने त्या दिवशी ओट्याच्या कोपऱ्यात निवृत्त पोस्टमास्तर बसले होते. ह्या सज्जनाने आजवर बास्तीय, कान आणि क्लिओपात्रा मुकाट्याने सोसली होती. पण खात्यावर आलेला आळ सोसण्याचे शिक्षण त्यांना मिळाले नव्हते. ते काही न बोलता उठून आत गेले, आठवडाभर ग्रंथ चाळीत राहिले, आणि एके दिवशी सर्वांसमक्ष म्हणाले, “नाना, तहात स्पष्ट कलम आहे. दोन्ही सरकारांची मंजुरी होईपर्यंत युद्ध चालू. अमेरिकेची मंजुरी १६ फेब्रुवारीची. तेव्हा ८ जानेवारीची लढाई कायदेशीर. दस्ताची नोंदणी होण्यापूर्वी तो अमलात येतो, असे तुमच्या कचेरीत चालत असेल. आमच्या खात्यात चालत नाही.”

जन्मभर इतरांचे अर्ज ज्या कारणावरून परत केले त्याच कारणावरून आपला अर्ज परत आलेला पाहणे, ही अवस्था किती भयंकर असते हे कारकुनी केलेल्यालाच कळेल. नाना ओट्यावर येईनासे झाले. घरी जेवणाच्या पानावर त्यांनी झांजिबारदेखील काढले नाही, तेव्हा नानींनी वैद्याला बोलावण्याचे घाटले. अखेर त्यांच्यातील न्यायबुद्धीने अहंकारावर मात केली, आणि एका सोमवारी त्यांनी कार्ड लिहून देवळाजवळच्या पेटीत टाकले, ‘घेंटसंबंधी आपले म्हणणे वाजवी दिसते. वाद मिटला असे समजावे.’ मास्तरांचे घर तेथून तीन गल्ल्या पलीकडे.

बुधवारी संध्याकाळी ओट्यावर एक परगावचे शाळातपासनीस आले होते. त्यांच्यापुढे मास्तरांनी घेंटचे प्रकरण पहिल्यापासून, कलमासकट आणि नानांच्या चेहऱ्यासकट, रंगवून सांगितले; हशा असा उसळला, की तो नानांच्या माडीपर्यंत पोहोचला. गुरुवारी दुपारी मास्तरांना कार्ड मिळाले.

शुक्रवारी नाना लाल वही बगलेत मारून ओट्यावर हजर झाले तेव्हा त्यांच्या मुद्रेवर वसई घेतल्याचे तेज होते. “मास्तर, कार्डावरचा शिक्का वाचा. सोमवारी तह, बुधवारी लढाई, गुरुवारी टपाल. आता दिरंगाई कोणाची?”

मास्तरांनी चष्मा पुसला, शिक्का उजेडाकडे धरून निरखला, तारीख मान्य केली, आणि म्हणाले, “नाना, सही तुमची एकट्याची आहे. मी मंजुरी कुठे दिली होती?”

त्या दिवशीच्या शेऱ्यात नानांनी प्रथमच नुसते ‘तहकूब’ एवढेच लिहिले. आणि रात्री मंजुरीचा कोरा मसुदा तयार करून, सहीची जागा फुलीने दाखवून, तो टपालाने न धाडता नातवाच्या हाती मास्तरांकडे रवाना केला.