प्लॅटिनमी म्हातारपण

अमेरिकेच्या सरकारी टांकसाळीने १९९७ मध्ये प्लॅटिनमचं ‘ईगल’ नाणं काढलं. वजन एक ट्रॉय औंस, म्हणजे ३१.१ ग्रॅम. शुद्धता ९९.९५ टक्के. अंगावर छापील किंमत १०० डॉलर. बाजारात ते त्याच्या कितीतरी पट भावाने विकलं जातं, त्यामुळे छापील किंमतीला ते वाण्याकडे मोडणारा गृहस्थ अजून जन्माला यायचा आहे.

संग्राहकाची गोष्ट सोपी. तो हातमोजे घालून नाणं पेटीत ठेवतो आणि पाहुण्यांना लांबून दाखवतो. निवृत्तीची तजवीज करणाऱ्याला तेवढंही सुख नाही. त्याच्या करसवलतीच्या निवृत्ती खात्यात हे नाणं चालतं. मात्र ते सांभाळायचं मान्यताप्राप्त संस्थेने. तिची फी याने भरायची, तिजोरीचं भाडंही यानेच. नाणं याचं, पण भेटीची सोय नाही. एका बाईंनी खात्यातली सोन्याची ईगल नाणी घरच्या तिजोरीत ठेवली, तर २०२१ मध्ये कर न्यायालयाने ठरवलं, की ही खात्यातून काढलेली रक्कमच झाली, भरा कर! साडेएकोणसाठच्या आत हात लावला तर साधारणपणे दहा टक्के दंड वेगळा. आणि त्र्याहत्तरी गाठली की तेच सरकार मागे लागतं : आजोबा, आता दरवर्षी थोडं काढाच, आम्हाला कर हवाय.

दरम्यान भावाने काय करावं? २००८ च्या मार्चमध्ये औंसाला २,२०० डॉलरच्या वर गेलेलं प्लॅटिनम त्याच वर्षी ८०० च्या खाली आलं. त्या वर्षी निवृत्त झालेल्यांना ‘मौल्यवान’ या विशेषणावरच दिवस काढावे लागले असतील.

आता सरकारचा स्वतःचा व्यवहार पाहा. १९९६ च्या कायद्याने प्लॅटिनमच्या नाण्यावर हवा तो आकडा छापण्याची मुभा अर्थमंत्र्याला दिली. कर्जमर्यादेवरून पेच पडला तेव्हा काही डोकेबाजांनी सुचवलं : एकच नाणं पाडा, त्यावर एक लाख कोटी डॉलर लिहा, बँकेत भरा आणि मोकळे व्हा. जानेवारी २०१३ मध्ये अर्थखात्याने सांगितलं, की हा मार्ग आम्हालाही मान्य नाही आणि फेडरल रिझर्व्हलाही नाही.

प्लॅटिनमच्या भरवशावर संसार चालत नाही, हे सरकारला वेळेवर उमगलं. सरकारला निवृत्त व्हायचं नसतं, म्हणून त्याला असं शहाणपण परवडतं.