लांब झगा आणि लहान आकडा

परदेशात चिनी शिकवणारी, चीन सरकारची पहिली कन्फ्यूशियस इन्स्टिट्यूट सोलमध्ये २००४ साली उघडली, आणि चीनमध्ये परदेशीयांना चिनी शिकवण्याच्या पदवीला सोन्याचे दिवस येणार असं वाटू लागलं. मग स्वीडनने २०२० पर्यंत आपल्याकडच्या सगळ्या इन्स्टिट्यूट गुंडाळल्या. अमेरिकेत शंभराच्या आसपास होत्या, त्या २०२३ पर्यंत पाचाच्या आत आल्या. मायदेशातच शिकवावं, तर तिथल्या पोरांना चिनी आधीच येतं!

‘सांस्कृतिक उद्योग व्यवस्थापन’वाल्यांची गत निराळी नाही. संस्कृती पाच हजार वर्षांची म्हणे. नोकरी मात्र सहा महिन्यांच्या करारावरची मिळाली तरी नशीब.

२०२३ च्या वसंतात बेकार पदवीधर स्वतःला कुंग यिजी म्हणवू लागले. चिनी लेखक लू शुनच्या १९१९ च्या कथेतला हा पंडित कंगाल झाला, तरी विद्वानाचा लांब झगा काही उतरवेना. सरकारी वाहिनीने पोरांना सुनावलं, झगा उतरवा आणि कामाला लागा.

त्या जूनमध्ये शहरी तरुणांची बेकारी २१.३ टक्के झाली. ऑगस्टमध्ये सरकारने आकडाच छापणं थांबवलं. जानेवारी २०२४ मध्ये तो परतला तो विद्यार्थी वगळून: १४.९.