अलमट्टी कशात उघडतं?

पसंतीच्या बाबतीत कुरुंदवाडकर कधी डळमळीत नसतो. बासुंदी कुठली खायची, तालीम कुठली भारी, पाहुण्याला संताजी घोरपड्यांची समाधी आधी दाखवायची की घाट, यावर त्याचं मत पक्कं असतं आणि विचारायच्या आधीच मिळतं. ब्राउझरबद्दल मात्र गावात कुणालाच मत नाही. फोन घेतला, त्यात जो आला तो आपला. जगातल्या निम्म्याहून जास्त माणसांचं असंच झालंय म्हणतात, म्हणून आम्हाला त्याचं काही वाटत नाही.

अपवाद आमच्या घराचा, आणि त्याला कारण आमचे दाजी. दाजी हिंजवडीला नोकरी करतात, दर दत्तजयंतीला नृसिंहवाडीला येतात आणि दर खेपेला नवा ब्राउझर घेऊन येतात. दत्ताचं दर्शन झालं, जेवण झालं, पान लागलं की ते आण्णांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, फोन मागतात. आण्णा फोन देतात, पण आधी एकच प्रश्न टाकतात, "जावईबापू, ह्यात अलमट्टी उघडतंय न्हवं?"

बाहेरच्याला ही काय कसोटी असं वाटेल. पण कृष्णा-पंचगंगेच्या संगमाशेजारी घर असलेल्या माणसाला दुसरी कसोटी सुचणार कुठून? जुलै लागला की आण्णांच्या फोनवर चार टॅब कायमचे उघडे. एकात कोयना, दुसऱ्यात राधानगरी, जिचे सात स्वयंचलित दरवाजे कुणाला न विचारता उघडतात. तिसऱ्यात राजाराम बंधारा, तिथं ३९ फूट झालं की इशारा आणि ४३ झालं की धोका. चौथ्यात कर्नाटकातलं अलमट्टी धरण. वरून किती सोडलं याच्यापेक्षा खालून किती सोडतायत याच्यावर आण्णांचा जीव जास्त टांगलेला, कारण फूग आली की पंचगंगा पुढं सरकायचं विसरून आमच्या दारात येऊन बसते. अलमट्टीच्या फुगीचा आमच्याशी संबंध किती, यावर इंजिनिअर लोकांत अजून वाद आहे. आण्णांच्या मनात वाद नाही.

२०१९च्या ऑगस्टमध्ये गावाला पाण्यानं वेढा दिला, वीज गेली, फोनला एखादी काडी रेंज आली तर आली. त्या दिवसांत दाजींनी कधीतरी टाकून ठेवलेला ऑपेरा मिनी कामाला आला. ह्याची युक्ती अशी की पान थेट तुमच्याकडे येत नाही. आधी त्यांच्या सर्व्हरवर जातं, तिथं दाबून बारीक होतं आणि मग येतं. चित्रं गळतात, रंग गळतात, जाहिराती गळतात, आकडे तेवढे राहतात. गल्लीतली दहा माणसं आमच्या माडीवर त्या आकड्यांभोवती बसली होती. वैशिष्ट्यांची तुलना म्हणतात ती मी तेव्हाच एकदा मनापासून पाहिली. बाकीच्यांचं पांढरं पान गोल गोल फिरत होतं आणि ह्याच्यात विसर्ग दिसत होता.

आमच्या पिढीला ब्राउझर भेटला तो असा संकटात नव्हे, तर सायबर कॅफेत, बारावीच्या निकालाच्या दिवशी, पडद्याआडच्या खुर्चीवर. (म्हणजे तेही संकटच.) पडद्यावर निळं 'ई' असायचं. त्या 'ई'वर इतके टूलबार चढलेले असत की खरं पान खाली चार बोटं उरायचं. दुसरं काही वापरावं हे कुणाच्या डोक्यात आलं नाही, आणि आलं असतं तरी मराठी माणसाला ते परवडलं नसतं. युनिकोड रुळायच्या आधी मराठी वर्तमानपत्रांची संकेतस्थळं आपापल्या फॉन्टात असत. बरीचशी पानाबरोबर फॉन्टही पाठवत, आणि तो प्रकार इंटरनेट एक्सप्लोररलाच कळायचा. फायरफॉक्सची १.० आवृत्ती नोव्हेंबर २००४मध्ये आली. जगभर लोकांनी तिला डोक्यावर घेतलं, आणि आमच्याकडे तिच्यात अग्रलेख उघडला की डॉलर, उद्गारचिन्हं आणि तुटके कंस दिसायचे. काही अग्रलेख तसेच जास्त कळायचे, हा भाग वेगळा.

पुढे युनिकोड आलं, तरी विंडोज एक्सपीमध्ये भारतीय लिप्यांचा आधार वेगळा बसवावा लागे. तो बसवायला गेलं की मशीन विंडोजची सीडी मागायचं. सीडी ही वस्तू कॉम्प्युटर विकणाऱ्यानं कुणालाच दिलेली नसे. सीडीवाचून 'ई' कसंबसं निभवायचं, फायरफॉक्स मात्र अडायचा. त्याच्यात 'शिरोळ' लिहिलं की वेलांटी श सोडून र वर स्वार व्हायची. 'नृसिंहवाडी'ची तीच गत, 'कृष्णा'चा पाय मोडलेला. आमचं 'कुरुंदवाड' तेवढं जवळपास जसंच्या तसं, कारण त्यात ना पहिली वेलांटी ना जोडाक्षर. तालुक्याचं गाव मोडून पडलंय आणि आपण ठणठणीत आहोत, हे बघायला मी कित्येक दिवस मुद्दाम फायरफॉक्स उघडत असे.

आमच्या कोल्हापूर जिल्ह्यात त्याच्याही आधी मोठा प्रयोग झाला होता तो वारणानगरला. १९९८मध्ये 'वायर्ड व्हिलेज' म्हणून सत्तर गावांसाठी कॉम्प्युटर बसवले. खेड्यातून जगाकडे खिडकी उघडणार, बाजारभाव कळणार, शेतीचं ज्ञान मिळणार, असा बेत होता. शेतकरी आला, त्यानं आपला ऊस किती टन भरला ते बघितलं, पावती छापून घेतली आणि तो घरी गेला. काही वर्षांनी मायक्रोसॉफ्टच्या बंगळुरूच्या संशोधकांनी येऊन अभ्यास केला आणि निष्कर्ष काढला की एवढ्यासाठी कॉम्प्युटर कशाला, मोबाइलवरचा एसएमएस पुरे. तसं करूनही दाखवलं. ज्या कंपनीनं ब्राउझर फुकट वाटून नेटस्केपला धुळीला मिळवलं, तिच्याच माणसांनी आमच्या उसापुढे ब्राउझर गुंडाळून ठेवावा, हे मला फार आवडलेलं आहे.

ते निळं 'ई' १५ जून २०२२ला अधिकृतपणे गेलं. दक्षिण कोरियात एका इंजिनिअरनं त्याचा दगडी स्मारकस्तंभ केला आणि त्यावर कोरलं की दुसरे ब्राउझर उतरवून घ्यायला हा फार चांगला होता. आमच्याकडे त्याचं बारावंसुद्धा लवकर झालं नाही. एका खात्याचं पान 'हे फक्त इंटरनेट एक्सप्लोररमध्येच नीट दिसेल' असं त्याच्या पश्चातही सांगत होतं. ई-सेवा केंद्रातल्या पोरानं त्या एका पानासाठी कोपऱ्यात एक जुनं मशीन जपून ठेवलेलं. "काका, त्याला अपडेट करू नका म्हणून चिठ्ठी लावलीया," तो म्हणाला. चिठ्ठीला हळदकुंकू होतं.

तर दाजींची तुलना. फायरफॉक्स तुमची माहिती जपतो, ब्रेव्ह जाहिराती अडवतो, विवाल्डीत टॅबवर टॅब रचता येतात, एजमध्ये टॅब उभ्या रांगेत लागतात. आण्णा सगळं ऐकून घेतात. पण ज्या सोयींचं दाजी कौतुक करतात त्या कुरुंदवाडात आल्या की वेगळ्याच वागतात. टॅबचंच बघा. आण्णा टॅब उघडतात, बंद करत नाहीत. उघडलेलं तोंडावर बंद करणं त्यांना उद्धटपणाचं वाटतं. क्रोममध्ये फोनवर शंभराच्या घरात टॅब गेले की आकडा दिसायचा बंद होतो आणि तिथं हसरा चेहरा येतो. आण्णांना वाटलं फोन खूश झाला. ते रोज सकाळी तो चेहरा बघून चहा घेतात. मी एकदा सगळे टॅब मिटवले, तर "ह्यो आता हसंना झालाय, दुरुस्तीला टाक," म्हणाले.

सूचनांचंही तसंच. संकेतस्थळ विचारतं, तुम्हाला सूचना पाठवू का? पुण्याचा माणूस नाही म्हणतो. आमच्या आईला दारात आलेल्याला नाही म्हणता येत नाही. तिनं सगळ्यांना हो म्हटलं. आता तिच्या फोनवर गुडघेदुखीचं तेल, कुणाचं तरी लॉटरीचं बक्षीस आणि कोल्हापूरच्या महाद्वार रोडवर न मिळणारे दागिने पहाटे पाचपासून रांग लावतात, आणि ती प्रत्येकाचं वाचते, कारण आपल्यासाठी आलेत बिचारे.

गुप्त खिडकीचा तर आम्हाला उपयोगच समजला नाही. टोपी-चष्मा घातलेला माणूस दाखवतात. कुरुंदवाडात टोपी-चष्मा घालून कुणी फिरला तर आधी त्यालाच लोक ओळखतील. इचलकरंजीला सिनेमा बघून माणूस एसटीनं परत यायच्या आत मध्यंतरात त्यानं काय खाल्लं ते घरी पोचलेलं असतं. त्या गुप्त खिडकीतही गुगल माग ठेवतं म्हणून अमेरिकेत खटला झाला आणि २०२४मध्ये कंपनीनं अब्जावधी नोंदी पुसायचं कबूल केलं, हे दाजींनी दचकून सांगितलं. आण्णा दचकले नाहीत. शेजारी असतात, त्यांना कळणारच, असं त्यांचं म्हणणं.

माझं मत विचाराल, तर एवढ्या तुलनेला फारशी जागाच नाही. विष्णु दिगंबर पलुस्करांच्या जन्मगावात राहून एवढं तरी कळतं, की आधी घराणं विचारावं. ब्राउझरची घराणी आता तीनच धड उरलीत. ब्लिंक, वेबकिट आणि गेको. वेबकिट अ‍ॅपलचं, पण त्याची मूळ तालीम केएचटीएमएल नावाच्या, हौशी लोकांनी चालवलेल्या घरात झाली. गुगल बरीच वर्षं वेबकिटच्या पंगतीत बसलं आणि २०१३मध्ये वेगळं होऊन त्यानं ब्लिंक काढलं. त्याच साली ऑपेरानं आपली प्रेस्टोची गायकी सोडून गुगलकडे धाव घेतली. २०२०त मायक्रोसॉफ्टनंही एजला तिथंच गंडा बांधायला बसवलं. ब्रेव्ह, विवाल्डी, सगळे त्याच गुरूचे. प्रत्येकाची टोपी वेगळी, तंबोरा वेगळा, चीज तीच. वेगळं गाणारा सफारी, आणि एकटा फायरफॉक्स, ज्याच्या मैफलीला श्रोते कमी पण दाद खरी. त्याचा सगळा चेहरामोहरा मराठीत मिळतो हेही मी दाजींना सांगितलं. त्यांनी तो मराठीत केला आणि 'सेटिंग' कुठं गेलं ते शोधत बसले.

केंद्र सरकारनं २०२३मध्ये देशी ब्राउझर करायची स्पर्धा लावली. २०२५मध्ये झोहोच्या 'उला'ला एक कोटीचं पहिलं बक्षीस मिळालं. दाजी छाती फुगवून तोही घेऊन आले. चांगला आहे. घराणं विचारलं, तर ब्लिंकच. आण्णांनी अलमट्टी उघडून बघितलं, उघडलं, पास केला.

गेल्या दत्तजयंतीला मात्र दाजी फार मोठ्या तयारीनं आले. त्या वर्षात कॉमेट आला होता, अ‍ॅटलस आला होता. हे ब्राउझर नुसतं पान दाखवत नाहीत, स्वतः वाचतात, फॉर्म भरतात, तिकिटं शोधतात, पानांचा सारांश करून देतात.

"म्हणजे बघायचं पण त्यानंच?" आण्णांनी विचारलं.

"हो ना आण्णा. तुम्ही काही करायचं नाही. नुसतं सांगायचं, अलमट्टीतनं किती सोडलंय बघ. तो जाऊन बघून येणार."

आण्णांनी आईकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, अंगणात फोनवर बोट फिरवत बसलेल्या नातवाकडे पाहिलं.

"जावईबापू," ते म्हणाले, "ह्या घरात चाळीस वर्सं मी नुसतं सांगतोयच. ह्यो तरी ऐकतोय का बघा."