मुलं आजीकडे, आईबाप हावड्याला!

तुमच्या कानावर आलं नसेल तर आता येऊ द्या, पण आधी दार जरा लोटून घ्या. आमच्या सोसायटीतलं एक चांगलं शिकलेलं, मेन्टेनन्स वेळेवर भरणारं, पालकसभेला दोघंही हजर राहणारं जोडपं नाताळच्या सुट्टीत कोलकात्याला जाऊन आलं. चांगलं आठवडाभर. आगगाडीने. आणि दोन्ही मुलांना आजीकडे ठेवून!

सुरुवातीला सगळ्यांनी चांगलाच अर्थ लावला. समाज म्हणून आपण तेवढे दिलदार आहोत. कोणी म्हणालं ऑफिसचं काम असेल, कोणी म्हणालं कोणाचं तरी लग्न असेल. तळमजल्यावरच्या काकू म्हणाल्या, ‘कालीघाटाचा नवस असणार, बोलून दाखवत नसतील.’ मग त्या जोडप्यातल्या बायकोने स्टेटस ठेवलं. ट्रामची खिडकी, हातात मातीच्या भांड्यातला चहा, वाऱ्यावर उडणारे केस आणि चेहऱ्यावर काळजीची एक रेघ नाही. नवस फेडायला गेलेली बाई अशी दिसत नाही, हे काकूंनीच मान्य केलं.

चौकशी केल्यावर कळलं की ही साथच आहे. डोंबिवलीतलं एक जोडपं हैदराबादला जाऊन आलं, बाणेरमधलं अहमदाबादला. नाशिकच्या एका जोडप्याने तर दिल्ली उरकून येता येता भोपाळही पाहिलं म्हणे. सगळ्यांचा नमुना एकच. मुलं आजी-आजोबांकडे, पाठीवर एकेक सॅक, जाताना-येताना गाडी आणि मुक्काम एखाद्या मोठ्या, गजबजलेल्या, घामट शहरात.

आता मला सांगा, नवराबायकोने दोघांनीच फिरायचे प्रसंग आपल्याकडे ठरलेले नाहीत का? पहिला हनिमून. दुसरा थेट काशीयात्रा, गुडघे गेल्यावर. मधली पंचवीस-तीस वर्षं संसाराची. त्यात फिरायचं ते मुलांना बर्फ दाखवायला, मुलांना समुद्र दाखवायला, मुलांना किल्ले दाखवायला. मराठी प्रवासवर्णनाचीही शिस्त अशीच. विष्णुभट गोडसे १८५७ च्या धामधुमीत उत्तरेत फिरले ते काकांबरोबर, चार पैसे मिळवायला. पु. ल. आणि सुनीताबाई जोडीने युरोपात गेले आणि त्याची ‘अपूर्वाई’ झाली, हे खरं. पण पु. लं.चा दाखला देऊन कोणी कोलकात्याचं तिकीट काढायला लागलं तर उद्या पेटी न शिकता पेटीही वाजवतील.

विमानाने गेले असते तरी एक वेळ समजून घेतलं असतं. दोन-अडीच तास, डोळा लागेपर्यंत उतरायची वेळ. पण मुंबई ते हावडा म्हणजे जवळजवळ दोन हजार किलोमीटर! तीस तास! लग्नाला बारा-तेरा वर्षं झालेली दोन माणसं समोरासमोर तीस तास काय करतात हो? गॅस, ट्यूशन, कामवालीच्या सुट्ट्या आणि सासूबाईंची शुगर हे सगळं धरलं तरी इगतपुरीला विषय संपतो. पुढे नागपूर आहे, रायपूर आहे, बिलासपूर आहे. आतल्या गोटातली बातमी अशी की ही दोघं बोललीच नाहीत. तिने पुस्तक वाचलं. तो खिडकीबाहेर बघत बसला. मधेच ती म्हणाली, ‘ती नदी बघ,’ आणि त्याने बघितली. घरी ‘ते दूध बघ’ म्हटलं तरी न बघणारा माणूस!

दोष नीट शोधायला गेलं तर तो मधू दंडवत्यांपर्यंत जातो. १९७७ च्या जनता सरकारात ते रेल्वेमंत्री झाले आणि दुसऱ्या वर्गातल्या लाकडी फळ्यांवर फोमच्या गाद्या आणायचं श्रेय त्यांना जातं. त्याच डिसेंबरात त्यांनी मुंबई-हावडा गीतांजली एक्स्प्रेस सुरू केली, तीही सगळ्यांना एकच वर्ग ठेवून. साधा, समाजवादी माणूस. गरिबाची पाठ दुखू नये एवढाच हेतू. पण त्या फोममुळे लांबचा प्रवास ही शिक्षा राहिली नाही आणि आज हा दिवस दिसला. फळीच असती तर कोणाची हिंमत झाली असती?

ज्यांच्या खिशात जास्त पैसा खुळखुळतो त्यांची मजल पुढची. त्यांना फर्स्ट एसीतला कूपे हवा असतो. दोनच बर्थ, आतून कडी. पण रेल्वे अजून संस्कारी आहे म्हणायची. कूपे मागून मिळेलच असं नसतं. चार बर्थची केबिन की दोनचा कूपे, हे चार्ट लागताना ठरतं. तेव्हा जोडपं देव पाण्यात घालून बसतं आणि नेमके समोरच्या दोन बर्थवर घोरणारे दोन वयस्कर व्यापारी येतात, त्यातले एक रात्रभर उठून दिवा लावतात. आमच्या ओळखीतल्या एकांच्या बाबतीत असंच घडलं. ऐकून आम्हाला फार वाईट वाटलं. दोनदा सांगायला लावलं, इतकं वाईट वाटलं.

हिशेबाचंही ऐका. पाच ते बारा वयाच्या मुलाला स्वतंत्र बर्थ हवा असेल तर २०१६ पासून तिकीट पूर्ण पडतं. म्हणजे दोन मुलं घरी ठेवली की जाण्या-येण्याची चार पूर्ण तिकिटं वाचली. हे त्या नवऱ्याने म्हणे एक्सेलमध्ये मांडून बायकोला दाखवलं. पोटच्या पोरांचा एक्सेल!

गाडीत बसल्यावर मात्र सुटका नसते. भारतीय रेल्वेत तिकीट तपासनीस नंतर येतो, समोरच्या बाई आधी चौकशी करतात. ‘मुलं?’ हा प्रश्न कल्याणच्या आत येतो. खोटं बोलावं तर पुढचे तीस तास ते निभावावं लागतं, खरं बोलावं तर त्या आपला डबा उघडून तुम्हाला एक पुरी देतात आणि तिच्याबरोबर सल्ला. एक बारीक गोष्ट लक्षात आली ती सांगते. हा प्रश्न बाईलाच विचारतात. शेजारी बसलेला तिचा नवराही त्याच मुलांचा बाप आहे, पण त्याला विचारतात, ‘कुठे कामाला?’ त्याने मुलांना सोडून जाणं म्हणजे फिरणं, तिने सोडून जाणं म्हणजे टाकून जाणं. आमची चर्चाही, खरं सांगायचं तर, तिच्याच नावाने चालली होती. तो त्यात फक्त ‘बिचारा’ म्हणून येत होता.

असो. शिदोरीची गोष्ट तर विचारूच नका. लांबचा प्रवास म्हणजे दशम्या, तिखटमिठाच्या पुऱ्या, कोरडी चटणी, लिंबाचं लोणचं. ही दोघं रिकाम्या हाताने चढली! वाटेत शेगाव लागलं. तिथे गाडीतूनच महाराजांना हात जोडले आणि जोडलेले हात सोडले ते कचोरी घ्यायला. मुलांना ‘स्टेशनवरचं खायचं नाही’ म्हणून जे जे नाकारलं, ते ते सगळं या मायबापांनी दोन दिवसांत चापलं असं कळतं.

आणि गेले ते कुठे? शहरातून उठून शहरात! डोंगर नाही, समुद्र नाही, धबधबा नाही. कोलकाता म्हणजे तीच गर्दी, तेच हॉर्न. तिला विचारलं तर म्हणते, ‘काकू, शहर मुलांबरोबर बघताच येत नाही. दर अर्ध्या तासाला कोणाला तरी शू लागते, कोणाचे तरी पाय दुखतात. दुकानात शिरलं की खेळणी, म्युझियममध्ये शिरलं की बाहेर कधी जायचं.’ म्हणून यांनी कॉलेज स्ट्रीटवर पुस्तकांच्या टपऱ्यांपुढे अख्खी दुपार घालवली. मग कॉफी हाऊसमध्ये, जिथे १९४२ पासून लोक एका कपावर तासन्‌तास बसतात, तिथे तेही बसले. संध्याकाळी व्हिक्टोरिया मेमोरियलच्या बागेत. त्या बागेतली बाकं कोणासाठी प्रसिद्ध आहेत हे मी सांगायला नको. विशीतल्या जोड्यांच्या रांगेत ही चाळिशीची जोडी! शेजारच्या बाकावरच्या मुलामुलीने यांना पाहून जागा बदलली म्हणतात. आपलेच आईबाबा आल्यासारखं वाटलं असेल त्यांना.

पण सगळ्यात धक्कादायक गोष्ट मेट्रोची आहे. कोलकात्यात मार्च २०२४ पासून हुगळी नदीच्या खालून मेट्रो धावते. नदीखालचा बोगदा ५२० मीटरचा, गाडी तो ४५ सेकंदांत पार करते आणि नदी कुठे आहे ते कळावं म्हणून आत निळे दिवे. हावड्याहून शहरात जायला एकदा बसलं तर समजू शकते. हे दोघे पलीकडे उतरले आणि परत अलीकडे आले. का? तर निळे दिवे पुन्हा बघायला! मुलं बरोबर असती तर ‘मुलांनी हट्ट केला’ म्हणता आलं असतं. मुलं आठशे कोसांवर आणि हट्ट मात्र जागच्या जागी.

हैदराबादवाल्यांचं तेच. सालारजंग म्युझियममध्ये ते मोठं घड्याळ आहे. दर तासाला त्यातून एक छोटा दाढीवाला बाहुला येतो आणि टोले देतो. बारा वाजता जास्त टोले म्हणून गर्दीही जास्त. हे दोघे पावणेबारापासून जागा धरून बसलेले, पुढे बसलेल्या शाळेच्या सहलीतल्या पोरांना ‘जरा डोकं खाली’ सांगत. नंतर चारमिनारजवळ इराणी चहा आणि उस्मानिया बिस्किटं, तीही चहात बुडवून, आवाज करून. घरी पोरगा असा आवाज करतो तेव्हा ही बाई डोळे वटारते, मी स्वतः पाहिलंय. अहमदाबादवाले माणेक चौकात रात्री उशिरापर्यंत खात होते. दिवसा तिथे सराफ बाजार, रात्री तिथेच खाऊगल्ली. मुलांना साडेनऊला झोपवणारी ही माणसं!

कोलकात्याच्या लोकांनी आपल्या माणसांना इतकं प्रेमाने घेतलं, याचंच मला नवल वाटतं. १७४२ मध्ये नागपूरकर भोसल्यांच्या फौजा बंगालवर चालून गेल्या, तेव्हा कोलकात्याने घाबरून शहराभोवती खंदक खणायला घेतला. मराठे काही तिथवर पोचले नाहीत, खंदकही पुरा झाला नाही. पण त्या स्वाऱ्या करणाऱ्या बारगीरांचं नाव बंगाली अंगाईत जाऊन बसलं. बाळ झोपलं, वस्ती शांत झाली आणि आता बर्गी येताहेत, अशा अर्थाची ती अंगाई तिकडे अजून म्हणतात. म्हणजे ज्यांच्या नावाने बंगाली मुलं झोपली, त्यांच्या वंशजांनी आपली मुलं आजीजवळ झोपवली आणि बंगालात जाऊन संदेश खाल्ले. इतिहासात एवढी नामुष्कीची स्वारी झाली नसेल. लुटीत काय आणलं? दोन किलो पुस्तकं आणि एक बालुचरी साडी.

साडी आजीची. इथे खरा व्यवहार उघडा पडतो. आजी फुकट नातवंडं सांभाळते हा गैरसमज आहे. आमच्या या आजींनी आधी नाक मुरडलं, ‘आमच्या वेळी असलं नव्हतं’ म्हणाल्या आणि मग रंग सांगितला. आजोबांनी खजुराच्या गुळाचे संदेश मागवले, थंडीतच मिळतात ते. नातवंडांनाही काही दुःख झाल्याचं दिसत नाही. आईने हावडा ब्रिजवरून भरल्या गळ्याने व्हिडिओ कॉल लावला, तर धाकटा म्हणाला, ‘आई, नंतर कर ना, आजोबा हरायला आलेत.’ पुढचे दोन दिवस त्याने फोन घेतला नाही. ती माउली ट्रामच्या खिडकीत हसत होती ती त्यानंतरच्या फोटोत.

आजोबा सरकारी खात्यातून निवृत्त झालेले. त्यांनी एलटीसी घेऊन सगळा देश पाहिला आहे. चार वर्षांच्या ब्लॉकमध्ये एकदा भारतात कुठेही जायची सवलत, ती त्यांनी एकदाही वाया घालवली नाही. कन्याकुमारी, जगन्नाथपुरी, दिल्ली. बरोबर बायको, तीन मुलं, होल्डॉल, स्टोव्ह, पाण्याची सुरई. त्यांना विचारलं, ‘दोघंच कधी गेला होतात का हो?’ ते बराच वेळ आठवत राहिले. आजी आतून म्हणाल्या, ‘एकदा ठाण्याला. डोळ्यांच्या डॉक्टरकडे.’

तेव्हापासून चर्चेचा सूर जरा बिघडला आहे. तळमजल्यावरच्या काकू काल लिफ्टमध्ये हळूच विचारत होत्या, त्या निळ्या दिव्यांना वेगळं तिकीट असतं का. या आजी-आजोबांनी मुलाला सांगून टाकलंय की मार्चमध्ये आम्ही दोघं हैदराबादला जाणार, तेव्हा आमच्याकडून सांभाळण्याची अपेक्षा नको. मुलगा-सून हादरली आहेत. आईवडिलांनी नातवंडं सोडून फिरावं, हे त्यांना काही बरं दिसत नाही.

माझं मत विचाराल तर हा सगळा निर्लज्जपणा आहे आणि तो थंडीतच करावा, कारण एप्रिलमध्ये ही शहरं सोसवत नाहीत. व्हिक्टोरिया मेमोरियलचं म्युझियम सोमवारी बंद असतं, सालारजंग शुक्रवारी. रेल्वेचं आरक्षण आता साठ दिवस आधीच उघडतं. आजीची तारीख मात्र त्याच्याही आधी घ्या, तिथे तत्काळ नाही.