माशी शिंकली

निवृत्त गुरुजी गळ टाकायला निघाले की नळदुर्गच्या बोरीकाठची बाभळ अंग चोरून उभी राहते. पोरांकडे बांबूची काठी, तंगूस आणि गांडुळांची डबी. गुरुजींकडे पुतण्यानं परदेशातून आणलेली काठी आणि पिसं गुंडाळून केलेली खोटी माशी. त्या माशीला वजन नसतं, म्हणून इथं दोराच जड असतो. तो आधी मागं पूर्ण उलगडू द्यायचा, मग पुढं फेकायचा. बोरीकाठी मागं बाभळ असते. काट्यांतून माशी सोडवत गुरुजी म्हणतात, "माशी शिंकली!"

मासा सुटला, माशी शिंकली. दोऱ्याचा गुंता झाला, माशी शिंकली. चहा आणायला गेलेलं पोरगं रमलं, तरी शिंकली ती माशीच.

ज्ञान मात्र तोंडपाठ. गळ नखावर हलकेच ओढायचा; घसरला तर बोथट, रुतला तर धारदार. हा प्रयोग ते रसवंतीतही करून दाखवतात. बाराव्या शतकात कल्याणीच्या, म्हणजे आजच्या बसवकल्याणच्या, तिसऱ्या सोमेश्वर राजानं 'मानसोल्लासा'त गळाच्या शिकारीवर 'मत्स्यविनोद' हे आख्खं प्रकरण लिहिलं, हे सांगितल्याशिवाय पहिली फेक होत नाही. तोवर पोरांच्या पिशवीत चार चिलापी पडलेल्या असतात.

घोडं अडतं ते हिसक्यापाशी. तरंगती माशी घेतली की मासा तोंड मिटून खाली वळतो. तेव्हा काठी नुसती उचलायची. माशी पाण्याखालून ओढत आणत असाल तर काठी उचलायचीच नाही, टोक माशाकडे ठेवून हातानं दोरा खेचायचा. गुरुजी हे आकृतीसह समजावतील. पण पाणी हललं रे हललं की ते काठी अशी उपटतात की उघड्या तोंडातून गळ निघतो आणि त्यांच्याच टोपीत रुततो.

२०१६च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी येत होतं, तेव्हा हा गृहस्थ अंगणात कोरड्या परातीवर नेम धरून माशी टाकत होता. तेव्हापासून नवशिकाच आहे. वैताग येतो खरा, पण एखाद्या रविवारी ते दिसले नाहीत तर पोरंच चौकशी करतात.

वर्गातही त्यांचं हेच. प्रश्न विचारायचा, पोरानं तोंड उघडलं की उत्तर स्वतःच देऊन मोकळं व्हायचं. मागल्या बाकावरचा एक अडखळत बोलणारा मुलगा तर दहावीपर्यंत एकही उत्तर पुरं करू शकला नाही. आता तो पन्नाशीला आलाय, शेजारीच गळ टाकून बसतो.

"गु... गुरुजी," परवा तो म्हणाला, "मि... मि..."

गुरुजींनी तोंड उघडलं आणि, नवल म्हणजे, मिटलं.

"...मिटू द्या की त्याला तोंड."

एवढ्यात पाणी हललं, दोरा सरकला, सैल पडला. गुरुजी त्याच्याकडेच बघत राहिले होते.

"मा... मा..." तो हसत म्हणाला.

गुरुजी काठी मांडीवर ठेवून थांबले. त्याची माशी सावकाश शिंकली.