नेटवाला

नेटवाला हा कोल्हापुरात बारमाही आढळतो. पेठांतल्या गल्ल्या, राजारामपुरीतली अपार्टमेंट, गुजरीतली सराफी दुकाने, शिरोली आणि गोकुळ शिरगावचे कारखाने, सगळीकडे त्याचा वावर असतो. मात्र नेट चालू असताना तो कोणाला दिसत नाही आणि बंद पडल्यावर कोणाला सापडत नाही. मोटारसायकलच्या हँडलला काळ्या केबलचे वेटोळे, पाठीवर सॅक, सॅकमध्ये क्रिम्पिंगचा चिमटा आणि खांदा व कान यांच्यामध्ये दाबून धरलेला फोन, ही त्याची खूण. फोनवर तो "आलोच, पाच मिन्टात" म्हणत असतो. ही पाच मिनिटे रंकाळ्याच्या एका फेरीपासून दुसऱ्या दिवशीच्या दुपारपर्यंत कितीही लांबू शकतात. त्यात फसवण्याचा हेतू नसतो. म्हणताना त्याचाही त्यावर विश्वास असतो.

त्याचे पूर्वज केबलवाले. १९९१ नंतर उपग्रह वाहिन्या आल्या तेव्हा गच्चीवरची डिश आणि खांबाखांबांवरून ओढलेली वायर एवढ्या भांडवलावर गल्लीगल्लीत राज्ये उभी राहिली. १५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमने देशात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले, आणि पुढे यथावकाश त्याच खांबांवरून त्याच घराण्यांतल्या पोरांनी नेटची वायर ओढली. वारशात खांब मिळाले, गिऱ्हाईक मिळाले आणि गिऱ्हाइकाला समजावण्याची रीतही मिळाली. "वरनं सिग्नल न्हाई" हे वडिलांचे वाक्य मुलाने "वरनंच प्रॉब्लेम हाय" असे सुधारून घेतले.

हे "वर" कुठे आहे, हा या विषयाचा गाभा आहे. नेट हळू चालण्याची कारणे पुस्तकात क्रमाने दिलेली असतात: आधी वायर, मग पोर्ट, मग स्विच, मग पुढचे. नेटवाल्याचा क्रम बरोबर उलटा असतो. जो दोष त्याच्यापासून सगळ्यांत लांब, तो सगळ्यांत आधी तपासला जातो. सुरुवात समुद्रापासून होते. २००८ च्या जानेवारीत अलेक्झांड्रियाजवळ समुद्रतळाच्या केबल तुटल्या आणि भारतातले नेट खरोखरच मंदावले. तेव्हापासून हे कारण धंद्याला कायमचे मिळाले आहे. समुद्रावरून तो मुंबईला येतो, मुंबईहून पुण्याला, पुण्याहून हायवेला. हायवेवर हमखास कोणीतरी रस्ता खोदत असते, आणि जेसीबीने फायबर तोडलेली असते. हे बऱ्याचदा खरेही असते, त्यामुळे खोटे कधी असते ते ओळखता येत नाही.

गिऱ्हाईक एवढ्यावर ऐकत नाही, कारण शेजारच्या घरात नेट पळत असते. "मी सकाळपास्नं बघतोय, नुसतं गोल फिरायलंय," असे वैनी सांगतात. तेव्हा तो घरात येतो आणि दोष वैनींच्या भिंतीला देतो. जुन्या वाड्याची दोन फुटी भिंत ही या कामी उपयोगी वस्तू आहे. अपार्टमेंटमध्ये भिंती पातळ असतात, पण तिथे शेजाऱ्यांचे वायफाय मदतीला येते: २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांना न भिडणारे चॅनेल १, ६ आणि ११ असे तीनच, आणि जिन्याला दारे बारा. चांगला नेटवाला इथे वायफाय बाजूला ठेवून लॅपटॉपला थेट वायर जोडून स्पीड बघतो. वाईट नेटवाला राऊटर बंद करून चालू करतो आणि चहा पितो. चहा दोघेही पितात, पण पहिला काम झाल्यावर.

स्पीड बघताना एक जुना तंटा उपटतो. "शंभरचा प्लॅन घेतलाय आणि डाउनलोड बारानं चाललंय," ही तक्रार. प्लॅन मेगाबिटमध्ये विकला जातो आणि डाउनलोड मेगाबाइटमध्ये दिसते. आठ बिटांचा एक बाइट, म्हणून शंभराचे साडेबारा. "आठानं भागा की काका," असे तो सांगतो. गुजरीतला सराफ, ज्याला तोळ्याचे ग्रॅम झोपेतही करता येतात, तोसुद्धा हा हिशेब मान्य करत नाही, कारण त्याच्या दुकानात मालाचे माप गिऱ्हाइकासमोर होते आणि त्याच मापात बिल होते. या मुद्द्यावर सराफाची बाजू मजबूत आहे. सरकारचे माप तर आणखी उदार: २००४ च्या धोरणात २५६ किलोबिटला ब्रॉडबँड म्हटले होते, आणि ती पातळी २०२३ मध्ये वाढवून २ मेगाबिट केली. त्या हिशेबाने कोल्हापुरात तक्रारीला जागाच उरत नाही.

भिंतीचा दोष टिकला नाही की पाळी वायरची येते. इथे खरा जाणकार आणि नुसता चिमटा बाळगणारा यांच्यात फरक पडतो, आणि तो एका आकड्यावर पडतो: चौऱ्याण्णव. दोनशेचा प्लॅन असून स्पीड टेस्ट चौऱ्याण्णवच्या आसपास अडकली, तर अडाणी म्हणतो, "वरनं कमी येतंय." जाणकार म्हणतो, "वायर बघूया." शंभर मेगाबिटच्या पोर्टवर डेटाच्या पाकिटांवरचे शिक्के-पत्ते वजा जाऊन हाती साधारण तेवढेच लागते, गिगाबिट पोर्टवर तसेच ९४० च्या आसपास. म्हणजे कुठेतरी गिगाबिटचा सांधा शंभरावर घसरला आहे. केबलमध्ये आठ तारा, चार जोड्या. शंभर मेगाबिटला दोन जोड्या पुरतात, गिगाबिटला चारही लागतात. निळी किंवा तपकिरी जोडी उंदराने कुरतडली तरी नेट बंद पडत नाही, फक्त मुकाट्याने दहाव्या हिश्शावर येते. पूर्ण तुटलेली वायर शोधायला पाच मिनिटे लागतात. अर्धवट तुटलेली महिनोन्‌महिने बिल घेत राहते.

कारखान्यात हे जास्त पाहायला मिळते. शिरोलीतल्या एखाद्या फौंड्रीच्या ऑफिसात मालकाची तक्रार असते की ड्रॉइंगची फाईल पुण्याला जाता जात नाही. नेटवाला टेबलाखाली वाकतो. तिथे धुळीने माखलेला आठ पोर्टांचा स्विच, त्यातून दुसरा स्विच, त्यातून कॅमेऱ्यांचा डबा.

"मालक, ह्यो कुणी बसवला?"

"तूच की रं, दोन वर्सामागं."

"तवा बराबर हुता."

पुढे तो पोर्टवरच्या चुका मोजतो. पिंग स्वच्छ येते, छोटी कामे चालतात, मोठी फाईल मात्र रांगते, अशी लक्षणे असली तर बहुधा एका टोकाला कोणीतरी पोर्ट हाताने "फुल" ठरवून ठेवलेला असतो आणि दुसरे टोक आपोआप ठरवण्यावर असते. आपोआप ठरवणाऱ्याला समोरून उत्तर मिळत नाही, म्हणून ते नियमाप्रमाणे "हाफ" धरते. मग एक टोक बोलता बोलता ऐकते, दुसरे एका वेळी एकच करते, आणि दोघांची टक्कर होते. दोन्ही टोके आपोआपवर आणली की फाईल पळते. कॅमेरे वेगळ्या वाटेने काढून द्यावेत हा योग्य उपायही तो सांगतो. मालक "बघूया पुढच्या महिन्यात" म्हणतात आणि विषय दिवाळीपर्यंत जातो.

आता समुद्र, मुंबई, जेसीबी, भिंत, वायर आणि पोर्ट निर्दोष सुटले. उरते फक्त स्पीडची लिमिट, आणि लिमिट नेटवाल्याने स्वतः लावलेली असते. म्हणून ती सगळ्यांत शेवटी तपासली जाते.

लिमिट ओळखायची खूण सोपी आहे: स्पीडच्या आलेखाचा माथा फूटपट्टीने कापल्यासारखा सपाट दिसतो. गर्दीने मंदावलेले नेट वरखाली होते, लिमिटने अडवलेले एकाच रेषेला टेकते. पण खरी गंमत पुढे आहे. वीसची लिमिट लावली तर वीस मिळावेत. प्रत्यक्षात बऱ्याचदा अकरा-बाराच मिळतात, आणि गिऱ्हाइकाचे भांडण या उरलेल्या आठ-नवांसाठी असते. हे समजावताना नेटवाला राधानगरी धरणावर येतो, कारण पाण्याची भाषा कोल्हापुरात कोणालाही कळते. जुलैत पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोक्याची ४३ हे इथल्या शाळकरी पोरालाही पाठ असते. "राधानगरीची दारं बघितलायसा न्हवं? पाणी वर आलं की आपोआप उघडत्यात. जादा पाणी गेलं म्हंजे गेलं." लिमिटची एक जात अशी आहे: ठरल्यापेक्षा जास्त आलेले पाकीट तिथेच टाकून द्यायचे. दुसरी जात धरणाच्या पोटासारखी: जादा आलेले साठवायचे आणि हळूहळू सोडायचे. स्विचमध्ये साठवायला जागा फार नसते, म्हणून तिथे येणाऱ्या मालावर बहुधा पहिली जातच लागते.

पाकीट हरवले की पाठवणाऱ्या बाजूला वाटते, पुढे गर्दी आहे, आणि ती आपला वेग एकदम खाली आणते. जुन्या रीतीप्रमाणे निम्म्यावर. मग पुन्हा हळूहळू चढते, पुन्हा दार उघडते, पुन्हा निम्म्यावर. या चढउताराची सरासरी लिमिटच्या बरीच खाली राहते. उपाय असा की क्षणभर उसळी मारायला दिलेली सूट, जी बहुतेकांनी दिसेल तो आकडा टाकून ठेवलेली असते, ती वाढवायची. सबुरीची ही सवय नेटला उगाच लागलेली नाही. १९८६ च्या ऑक्टोबरमध्ये कॅलिफोर्नियात बर्कलेची प्रयोगशाळा आणि तिथलेच विद्यापीठ यांच्यातला वेग ३२ किलोबिटवरून ४० बिटांवर आला. अंतर ४०० यार्ड, म्हणजे फाईल हातात घेऊन चालत गेले असते तरी आधी पोचली असती. त्यानंतर व्हॅन जेकबसन यांनी १९८८ मध्ये मांडलेल्या उपायातून ही माघार घेण्याची पद्धत रूढ झाली. तेव्हा कोसळणारे नेट तिने वाचवले. आता पेठेतला स्पीड ती निम्म्यावर आणते.

लिमिट उलट्या बाजूला लावणे हा या जातीचा दुसरा स्वभाव. स्विच आपल्या पोर्टवरून जग बघतो: गिऱ्हाइकाचे डाउनलोड ते पोर्टचे बाहेर जाणे, आणि अपलोड ते आत येणे. घाईत हे उलटे पडले की घरात सिनेमा झकास दिसतो आणि फौंड्रीचे ड्रॉइंग जागचे हलत नाही. त्यात रॅकमध्ये सेकंडहँड सिस्कोचा ३५६० असला, तर बाहेर जाणाऱ्या मालावर सरळ लिमिट पोर्टच्या टक्क्यांत, दहा ते नव्वद, एवढीच लावता येते. गिगाबिट पोर्टवर दहा टक्के म्हणजे शंभर मेगाबिट. दहाचा प्लॅन विकलेल्या माणसाला आधी पोर्टच शंभरावर आणून बसवावा लागतो. लॅटव्हियाच्या मायक्रोटिकवर गोष्ट निराळी: तिथे रांगा लावणे सोपे, पण फास्टट्रॅक चालू राहिला तर पाकिटे रांगेला वळसा घालून निघून जातात. लिमिट पडद्यावर दिसते, लागत मात्र नाही. दहाच्या प्लॅनवर ऐंशी मिळणारा असा गिऱ्हाईक कधीच तक्रार करत नाही. तो नेटवाल्याला रस्त्यात भेटला की आपणहून नमस्कार करतो, आणि त्यावरूनच संशय घ्यायचा असतो.

लिमिट का लावली हे कुठेही लिहिलेले नसते. यादीत नावे असतात ती अशी: "टेस्ट२", "मॅच", "तात्पुरतं", "नको". प्रत्येकामागे एखादे जुने भांडण असते. "मॅच" हे १८ डिसेंबर २०२२ चे असू शकते. त्या रात्री विश्वचषकातला अर्जेंटिना आणि फ्रान्सचा अंतिम सामना पेनल्टीपर्यंत गेला, आणि कोल्हापूरसारख्या फुटबॉलवेड्या गावात अशा रात्री तालमीसमोरच्या पडद्यावर चित्र अडकले तर नेटवाल्याला पेठेत राहणे कठीण होते. म्हणून तालमीला मोकळे सोडायचे आणि बाकी गल्लीला पाचावर आणायचे, ही व्यावहारिक तडजोड. सामना संपतो, गुलाल उधळला जातो, लिमिट तशीच राहते. पुढच्या उन्हाळ्यात कोणीतरी तक्रार करतो, आणि नेटवाला समुद्रापासून तपास सुरू करतो.

लिमिट सापडल्यावर तो काय करतो, हेही ठरलेले आहे. आवाज न करता ती काढतो, स्पीड टेस्ट गिऱ्हाइकाच्या तोंडासमोर धरतो आणि म्हणतो, "वरनं झालं बघा नीट." गिऱ्हाईक वरच्यांना दोन शिव्या हासडतो, नेटवाल्याला चहा पाजतो. पैसे मागायचे नसतात. वर्षाचा प्लॅन संपताना ते आपोआप आठवतात.

या जातीचा पगारी प्रकारही निघाला आहे. तो तक्रारीला क्रमांक देतो, चोवीस तासांत येतो म्हणतो आणि खरोखर येतो, पण त्याच्याकडे स्विचचा पासवर्ड नसतो, त्यामुळे राऊटर बंद-चालू करण्यापलीकडे त्याची मजल जात नाही. पासवर्ड जुन्या नेटवाल्याच्या डोक्यात असतो. तो पुण्याला नोकरीला गेला किंवा त्याने हॉटेल टाकले की डब्यासकट धंदा नव्या पोराकडे येतो. पोर शिकलेले आणि नीटनेटके असते. पहिल्या आठवड्यात ते यादी साफ करते आणि "नको" नावाची रांग उडवते. त्याच रात्री एका कारखान्याचे कॅमेरे सगळी लाईन खातात आणि निम्म्या पेठेचे फोन येतात. पोर रांग परत लावते. ती कशासाठी होती हे आता त्याला कळलेले असते, पण लिहून ते ठेवत नाही. नाव तेवढे बदलते: "नको२".